काका हायवे घेत नाहीत

११ ऑक्टोबर १९८६

नाटक नव्हतं ते. हे आधी लिहून टाकते, मग तुम्हाला काय बोलायचं ते बोला. तुमचं म्हणणं असं की पोरगी लिहिणारी आहे, असल्यांना चारचौघांत लक्ष वेधून घ्यायची खोड असते, पडली असेल मुद्दाम. तर मी पडले नाही. खाली बसले. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या वाण्याच्या दुकानात, तूरडाळीच्या पोत्यांना टेकून, स्कर्ट नीट सावरून बसले. पडणं वेगळं, बसणं वेगळं. पटत नसेल तर इथेच थांबा.

तुम्ही म्हणजे कोण, ते विचारू नका. आधी दोनदा डायरी सुरू केली आणि दोनदा कंटाळले, कारण भांडायला कुणी नव्हतं. म्हणून या वेळी वाचक धरून ठेवलाय.

झालं ते असं. काकूंनी कणीक आणि आमरसाचे डबे आणायला पाठवलं होतं. प्रसन्न सोबत होता. तो इंजिनियरिंगला आहे, इथल्या महाराष्ट्र मंडळात माझ्या एकांकिका करतो आणि त्या कुणाला कळल्या नाहीत की माझ्यावर चिडतो. आम्ही पैसे द्यायच्या रांगेत उभे. काही झालेलं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. आणि एकदम छातीत कुणीतरी आतून दार बडवायला लागलं. घाम. बोटांना मुंग्या, ओठांनासुद्धा. श्वास घेतेय पण तो कुठे पोचतच नाहीये. सगळं दुकान काचेपलीकडे गेलं, आवाज लांबून यायला लागले, आणि मला अगदी स्वच्छ कळलं की मी आता मरणार. चोविसाव्या वर्षी, शिकागोत, आमरसाचा डबा हातात धरून.

प्रसन्न म्हणाला, "मस्त करतेस यार, वीणा. थोडं स्टेजसाठी ठेव की." मग त्याने माझा चेहरा नीट पाहिला आणि दुकानदाराच्या फोनकडे पळाला.

चंद्रशेखरकाका हॉस्पिटलमधून थेट आले. ते भूल देणारे डॉक्टर. एकदाच माझ्याकडे बघितलं, गाडीच्या ग्लव्ह कंपार्टमेंटमधून ब्राऊन पेपरची घडी घातलेली पिशवी आणली आणि माझ्या तोंडाला लावली. "यात श्वास घे. सावकाश. आपल्याला कुठेही जायचं नाहीये." त्यांच्या आवाजाने माणसं झोपतात ते उगाच नाही. थोड्या वेळात मुंग्या कमी झाल्या.

मग इमर्जन्सी. मरणाऱ्या माणसालासुद्धा काका हायवेने नेत नाहीत. गल्लीगल्लीतून, प्रत्येक सिग्नलला थांबत. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. तिथला कोवळा डॉक्टर म्हणाला, तुमचं हार्ट अगदी परफेक्ट आहे. मला त्याचा राग आला. परफेक्ट हार्ट असं वागतं का?

१३ ऑक्टोबर

माणसं कोण ते सांगायचं राहिलं. काका-काकू नात्याचे नाहीत. काका बाबांचे नागपूरचे शाळेतले मित्र. अडुसष्ट साली इथे आले. मी लायब्ररी सायन्स शिकायला आले तेव्हा बाबांनी पत्र टाकलं आणि यांनी स्कोकीतल्या घराची बेसमेंटची खोली मला देऊन टाकली. काका फार लाघवी माणूस आहे. थोडा विक्षिप्त. कॉफी घेत नाहीत. मंडळाच्या कार्यक्रमात कायम दाराजवळच्या कडेच्या खुर्चीवर बसतात आणि गाडीची किल्ली हातातच असते. म्हणतात, पेजर वाजला तर निघता आलं पाहिजे. हायवे का घेत नाही विचारलं तर म्हणतात, सिग्नल लागले की माणूस माणसांत राहतो. हे मी एका एकांकिकेत वापरलंय.

त्यांचा मुलगा अमित वॉशिंग्टन स्टेटमध्ये, सिॲटलजवळ बॉथेलला असतो. त्याला मार्चमध्ये मुलगी झाली, जुई. बाळंतपणाला काकू एकट्या गेल्या, काकांना कॉल होता, म्हणजे हॉस्पिटलने बोलावलं की धावायची पाळी. मे महिन्यात दोघं जाणार होते, काकांना कॉल होता. जुलैत कुणीतरी दुसरा भूलवाला रजेवर. आता ती सात महिन्यांची झाली, फ्रिजवर तिचे सोळा फोटो आहेत आणि आजोबांनी तिला अजून पाहिलेलं नाही.

आज जेवताना काकूंनी जाहीर केलं. जानेवारीत संक्रांतीला जुईचं बोरन्हाण, आपण तिघं जायचं. हलव्याचे दागिने त्या घरी करणार, मी फोटो काढायचे. "आणि तुम्ही फक्त तिला मांडीवर घेऊन बसायचं," काकांना म्हणाल्या. काका म्हणाले बघू, आणि कमरेचा पेजर चाचपला. तो वाजला नव्हता.

१९ ऑक्टोबर

परत. डेव्हनच्या बसमध्ये. आतून कसं असतं ते त्याच वेगात लिहून बघते, स्वल्पविराम मागू नका

बस थांबली का थांबली सिग्नल आहे सिग्नल असेल तर दार उघडणार नाही दार उघडणार नाही म्हणजे मी आत आहे मी आत आहे आणि हे हृदय आहे का हे इतकं जोरात समोरच्या बाईला ऐकू जात असेल तिने बघितलं बघू नको माझे हात कुणाचे आहेत हे मी ओरडणार आता मी सगळ्यांसमोर ओरडणार वेड लागतं ते असंच लागत असेल एका क्षणी नसतं आणि मग असतं

उतरले. बर्फाळ वारा होता, दोन स्टॉप चालत घरी आले. तोवर काही नव्हतं. बघा, हेच चीड आणणारं आहे. पुरावाच शिल्लक राहत नाही.

२६ ऑक्टोबर

बस सोडली. बस सोडली म्हणून क्लास बुडाले. वाण्याचं दुकान सोडलं. काल सिनेमा सोडला. प्रत्येक गोष्ट सोडली की दोन तास बरं वाटतं आणि मग जग तेवढं लहान झालेलं असतं. नागपूरला परत जावं असं मनात आलं, पण त्यालाही विमानात बसावं लागणार. म्हणजे मी इथेच, बेसमेंटमध्ये, कायमची. आणि बोरन्हाणाला जायची माझीही पंचाईत. साडेचार तास बंद डब्यात. विचारानेच तळवे ओले झाले.

काकूंनी दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या माझ्यावरून ओवाळून इलेक्ट्रिक शेगडीवरच्या तव्यात टाकल्या. मिरची ठसकली आणि स्मोक अलार्म कोकलायला लागला. काकू खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालतायत, शेजारची बाई दारात, मी हसत सुटलेले. काका गॅरेजच्या बाहेर जाऊन उभे राहिले होते, थंडीत, सदऱ्यावर. आवाज बंद झाल्यावरही बराच वेळ आत आले नाहीत. त्यांना मिरचीचा ठसका सोसत नाही.

८ नोव्हेंबर

मंडळाची दिवाळी, गिरीश नावाच्या एका कार्डिऑलॉजिस्टच्या घरी. आपल्या लोकांची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. अपॉइंटमेंट घेऊन डॉक्टरकडे जाणं म्हणजे ओळख नसल्याची कबुली. पार्टीत गाठायचं, हातात प्लेट असताना. काकूंनी मला जिलबीच्या टेबलाशी उभं केलं आणि एकेकाला आणून दाखवलं. यजमान म्हणाले, हृदयाच्या मायट्रल व्हॉल्व्हचा दोष असेल, सध्या सगळ्या मुलींना निघतो. पोटाच्या डॉक्टरांनी गॅस सांगितला. दुसरे थायरॉइड म्हणाले. एका काकूंनी लग्न सांगितलं, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे मुलगाही होता. तीन जणांनी सॅम्पलच्या गोळ्या कबूल केल्या. एकमेकांशी बोलायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

सिंकपाशी एक बाई एकट्या जेवत होत्या. शांतपणे, मन लावून. मी पाणी घ्यायला गेले.

"तू ती जिलबीजवळची मुलगी ना? मी पद्मिनी. सायकिॲट्रिस्ट. या घरात फक्त माझंच जेवण गरम असतं. मला कुणी काही विचारत नाही."

मी सांगितलं. त्यांनी प्लेट खाली ठेवली नाही, पण खाणं थांबवलं. काय काय होतं, किती वेळ टिकतं, कुठे कुठे जाणं बंद केलंस. शेवटचा प्रश्न आत्तापर्यंत एकानेही विचारला नव्हता.

"ऑफिसात ये. इथे माझ्याशी फार वेळ उभी राहू नकोस, तुझ्या घरी पत्र जाईल."

गाडीत बसल्यावर काकूंनी विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी काकूंकडे बघत म्हटलं, ऑफिसात बोलावलंय. वाटलं आता घरात वादळ. काकू म्हणाल्या, "हे सोडतील तुला." काकांनी गाडी सुरू केली. सबंध रस्ता एकेक सिग्नल घेत आम्ही घरी.

१४ नोव्हेंबर

पद्मिनीताईंचं ऑफिस नवव्या मजल्यावर. मी जिन्याने गेले. काकांना म्हटलं वर या, बाहेर खुर्च्या असतील. म्हणाले, पार्किंगचं बघावं लागतं इथे. पार्किंग लॉट अर्धा रिकामा होता. मी पोचले तेव्हा मला बोलता येत नव्हतं आणि ताई म्हणाल्या, छान, आता आपल्याला कळेल दम लागणं कसं असतं. बघ, हीच धडधड. फक्त आत्ता तुला तिचं कारण माहीत आहे म्हणून तू मरत नाहीयेस.

नाव आहे त्याला. पॅनिक अटॅक. म्हणे हे नाव त्यांच्याही पुस्तकात आत्ता आत्ता आलंय, पाच-सहा वर्षं झाली असतील. मला इतकं बरं वाटलं की मी रडले. नाव असलं की ते मी राहत नाही ना, ते मला होणारं काहीतरी होतं.

मी त्यांना स्मोक अलार्मची गोष्ट सांगितली. त्या खूप हसल्या, मग म्हणाल्या, "झालं की. आणखी मी काय सांगू? अलार्म खरा, आग नाही. शरीराला वाटतं वाघ आलाय, म्हणून ते पळायची तयारी करतं. हृदय जोरात, श्वास जोरात. श्वास जास्त झाला की बोटांना मुंग्या, डोक्यात हलकं, जग काचेपलीकडे. सगळं पळण्यासाठी. आणि तू तर रांगेत उभी."

"मग बंद कसं करायचं?"

"टॉवेलने वारा घालू नकोस. जितकं दाबशील तितका वाजेल. दहा-पंधरा मिनिटांत आपला थांबतो. तू फक्त म्हण, छाती धडधडतेय, धडधडू दे. मुंग्या येतायत, येऊ दे. आणि तिथेच थांब. खरा आजार अटॅक नाही, बाळा. खरा आजार म्हणजे तो येईल म्हणून सोडलेल्या जागा. लोक त्या इतक्या हुशारीने सोडतात की वीस-वीस वर्षं घरच्यांनाही तो स्वभाव वाटतो."

त्यांनी ईसीजी, थायरॉइडचे रिपोर्ट आधी नीट वाचले, हे तुमच्यासाठी लिहितेय, तुम्ही विचारणारच होता. कॉफी बंद. गृहपाठ: सोडलेल्या जागी परत जायचं, सोप्यापासून. सुरुवातीला सोबत कुणीतरी न्यायचं. त्याने धीर द्यायचा नाही, फक्त असायचं.

खाली आल्यावर काकांनी एकच विचारलं. "गोळी दिली?" आत्ता लागणार नाही, दहा-पंधरा मिनिटांत आपलं थांबतं म्हणाल्या, असं सांगितलं. मग एका सिग्नलला, "पंधरा मिनिटं म्हणाली?"

१६ नोव्हेंबर

येऊ दे, येऊ दे म्हणत शॉवर घेतला. काहीच आलं नाही. थोडा अपमान वाटला.

२२ नोव्हेंबर

लिहिलं काहीतरी, खूप दिवसांनी. अटॅक म्हणजे मंडळाची पॉटलक, जो तो आपापला डबा घेऊन येतो ती पार्टी. धडधड सगळ्यात आधी येते, बेल न वाजवता, आणि सोफा अडवते. पाठोपाठ घाम, तो सगळ्यांशी ओलसर हात मिळवतो. मुंग्या या दोघी बहिणी, कायम एकमेकींचा हात धरून. गळ्यातला आवंढा लाजाळू, दारातच उभा. चक्कर घरात शिरल्याबरोबर विचारते, बाथरूम कुठे? आणि सगळे जमल्यावर उशिरा येतात ते अध्यक्ष, मरणाची भीती, हार घालून. भाषण करतात. कुणीही ऐकलं नाही तर लवकर आटपतात.

रात्री जेवताना वाचून दाखवलं. काकू ठसका लागेपर्यंत हसल्या. काका मात्र अध्यक्षांपर्यंत आल्यावर उठले, भाताची अर्धी प्लेट सिंकमध्ये ठेवली आणि गॅरेजचा दिवा बघायला गेले. माझं लेखन आणि जेवण यांचं जमत नाही हेच खरं.

काकू म्हणाल्या, "परत वाच. जरा मोठ्यांदा."

"तुम्ही तर आत्ताच ऐकलंत."

"वाच ना गं," काकू म्हणाल्या. गॅरेजचं दार किलकिलं होतं.

३० नोव्हेंबर

गंमत झाली. काका खाली माझ्या खोलीत आले. कधी येत नाहीत. पुस्तकांच्या पाठी वाचत राहिले, मग म्हणाले, माझा एक पेशंट आहे. त्याला तुझ्यासारखंच होतं. बरीच वर्षं. पहिल्यांदा झालं ते एक्सप्रेसवेवर, एक्झिट नव्हती तिथे. तर पद्मिनीने विमानाबद्दल काय सांगितलंय?

मी सगळं सांगितलं. पायऱ्या पायऱ्यांनी जायचं, वगैरे. मग म्हटलं, त्यांना ताईंकडेच पाठवा ना सरळ.

"तो जाणार नाही."

"का? काय करतात ते?"

"डॉक्टर आहे."

बिचारा.

७ डिसेंबर

बसचा गृहपाठ. सोबत कोण न्यायचं यावर काकू लगेच म्हणाल्या, "यांना ने." मला संकोच वाटला. काका दिवसभर दमून येतात. काका म्हणाले, बसमध्ये पेजरला उत्तर कसं देणार. काकू म्हणाल्या, रविवार आहे, कॉल नाहीये तुम्हाला. मी फ्रिजवरचा ड्युटीचा तक्ता बघितलाय.

तर आम्ही दोघं डेव्हनच्या बसमध्ये. एका स्टॉपने सुरुवात, उतरून पुढच्या बसने दोन, मग चार. मला तिसऱ्या फेरीत आला. मी खुर्चीचा दांडा धरला आणि बारीक आवाजात म्हणत राहिले, धडधडतंय, धडधडू दे. काका समोर बघत होते. ताईंनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी अजिबात धीर दिला नाही. इतकं कडक पथ्य मी कुणाला पाळताना पाहिलेलं नाही. चेहरा पार दगड.

आणि तो गेला. बसमध्ये असतानाच. मी न उतरता. तुम्ही कधी पाहिलंय का, पाहुणे आपणहून उठून जाताना? आम्ही शेवटच्या स्टॉपला उतरून वाण्याकडून भाजलेल्या शेंगा घेतल्या. काकांनी चक्क दुकानदाराशी गप्पा मारल्या आणि येताना स्वतःच म्हणाले, बसनेच जाऊ.

२० डिसेंबर

ओहेअर विमानतळ. विमानात बसायचं नाही, नुसतं गेटपर्यंत जाऊन विमानं बघायची. काकांनी यासाठी अर्धा दिवस रजा टाकली. माझ्यासाठी. मला बाबांना लिहायला हवं, तुमच्या मित्राचं काळीज केवढं आहे ते.

गेटशी खिडकीजवळ बसलो. मला थोडं आलं, गेलं. काकांना मात्र खुर्ची बोचत होती की काय, तीनदा जागा बदलली. शेवटी माझ्या शेजारी येऊन बसले. विमानाचं दार बंद करतात ते बघत म्हणाले, "हे दार मधे उघडत नाहीत."

मी म्हटलं, काका, तुम्ही मला घाबरवायला आलाय का?

ते हसले. घाम पुसला. ओहेअरमध्ये हीटिंग फार असतं.

घरी आल्यावर मी काकूंना म्हटलं, काकांना माझ्यामुळे किती त्रास. त्यांची पाठ होती माझ्याकडे, पाकातला हलवा परातीत हलवत होत्या. बोटांनी, मंद शेगडीवर, एकेका दाण्याला काटा येईपर्यंत. "होऊ दे गं," म्हणाल्या. आवाज भरल्यासारखा वाटला. तासन्‌तास उभं राहून हलवा करायचा म्हणजे कंबर दुखणारच.

३ जानेवारी १९८७

अमितचा फोन. काकू बोलल्या, मग फोन काकांकडे दिला. काका म्हणाले, हो, तिकिटं काढलीत. तिघांची. वीणाला विमानाची भीती आहे, डॉक्टर सोबत असलेला बरा. मग अमित इंग्लिशमध्ये काहीतरी म्हणाला आणि काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "येस. रिअली."

म्हणजे आता माझ्यावर आलं. मी गळाठले तर त्यांना कॅन्सल करायचं निमित्त मिळेल आणि आजोबा-नातीची गाठ माझ्यामुळे हुकेल. हे असं ओझं पेशंटवर टाकतात का?

१० जानेवारी

शेवटचा गृहपाठ, एक्सप्रेसवे. मला गाडीत कधीच झालेलं नाही हे मी सांगून पाहिलं. काका म्हणाले, सगळं करून ठेवलेलं बरं. इतक्या वर्षांनी, माझ्यासाठी, हायवे. रॅम्पवर चढताना त्यांची बोटं स्टिअरिंगवर पांढरी झाली होती. मी सवयीने म्हणायला लागले, धडधडू दे, येऊ दे. पण मला काही होतच नव्हतं. ट्रक, बर्फाचे ढीग, लांबवर डाउनटाउनचे टॉवर. मस्त होतं. मी म्हणायचं थांबले.

गाडीत आवाज चालूच होता. काका म्हणत होते, अगदी ओठांतल्या ओठांत. येऊ दे. येऊ दे. माझ्यासाठी, मी थांबले तरी.

एका एक्झिटला उतरलो. काकांनी गाडी कडेला लावली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "परत जाऊ या. परत हायवेनेच."

१७ जानेवारी, बॉथेल

तुम्हाला कधीच कळलं होतं. नाही, आता मान हलवू नका. त्या पहिल्या पेपर बॅगेपासून कळलं होतं तुम्हाला. भूलवाला माणूस गाडीत पिशवी कशाला ठेवेल? दाराजवळची खुर्ची, किल्ली, कॉफी, रिकामा पार्किंग लॉट, मिरचीचा ठसका. तो डॉक्टर पेशंट. मी बिचारा लिहिलं तेव्हा तुम्ही मनात मलाच बिचारी म्हणालात. आणि एक शब्द बोलला नाहीत. मी तुम्हाला भांडायला धरलं होतं, नुसतं बघत बसायला नाही.

काल सकाळी निघताना काकूंनी माझ्या पर्समध्ये घडी घातलेली ब्राऊन पिशवी सरकवली. "तुझीच आहे असं म्हण," म्हणाल्या. तरी मला कळलं नाही. हो, हसा. विमानात काकू खिडकीशी, मी मधे, काका कडेला. दार बंद झालं. धप्प, तो विशिष्ट आवाज. मी स्वतःकडे लक्ष लावून बसले, आता येईल, आता येईल. माझ्या डावीकडे काकांचा पट्टा सुटला.

त्यांनी तो सोडला होता. ते उठणार होते. वरच्या ओठावर घाम, हात गुडघ्यांवर उघडे पडलेले, बोटं वाकडी. काकू खिडकीबाहेर बघत होत्या, एकदाही वळल्या नाहीत, फक्त त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि घट्ट झाला. आणि मला तीन महिने एका क्षणात वाचता आले.

मग मी नाटक केलं. पहिल्यांदा. त्या दिवशी केलं नव्हतं, काल केलं. छाती धरली. "काका, मला होतंय. काका, उठू नका, मला धरा."

ते माझ्याकडे वळले. डोळ्यांत आधी काही नव्हतं, मग हळूहळू डॉक्टर आला. पट्टा लावला. माझं मनगट धरलं. त्यांचा हात बर्फासारखा आणि ओला. "आहे मी," म्हणाले. "धडधडतंय ना? धडधडू दे. येऊ दे. पंधरा मिनिटं. हळू." त्यांच्या त्या आवाजात. विमान पळायला लागलं, वर झालं, शिकागो तिरकं झालं. येऊ दे, वीणा, येऊ दे. माझी नाडी अगदी संथ होती आणि ती त्यांच्या बोटांखालीच होती.

वर गेल्यावर एअर होस्टेस आली. बहुधा आमच्याकडे बराच वेळ बघत होती. वाकून विचारलं, सर, तुमच्यापैकी बरं कुणाला नाहीये?

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पेशंट व्हायला तयार होते, पार सिॲटलपर्यंत. काका म्हणाले, "बोथ ऑफ अस."

काकू आत्ता वळल्या.

होस्टेसने दोन ग्लास पाणी आणून दिलं. एवढंच. आभाळ कोसळलं नाही. काका सगळं पाणी प्यायले, मग ढगांकडे बघत म्हणाले, "तुला आणखी कुठे होत होतं?"

"डाव्या पायाला मुंग्या येत होत्या," मी म्हटलं. घाईत सुचेल ते.

"एका पायाला येत नाहीत. लिहीत जा तू. करायचं प्रसन्नवर सोड."

पुढे कुठल्यातरी डोंगरावर विमान हललं तेव्हा त्यांना पुन्हा आलं, खरं, आणि या वेळी त्यांनी लपवलं नाही. काकूंचा हात माझ्यावरून पलीकडे गेला. मी मधे, सँडविच. परत गेल्यावर पद्मिनीताईंकडे जाणार म्हणाले, नवव्या मजल्यावर, लिफ्टने. काकू म्हणाल्या, मी जिलबीच्या टेबलाशी उभं राहून सगळ्यांना सांगणार आहे.

जुई आधी आजोबांना बघून भोकाड पसरून रडली. मग त्यांच्या कमरेला हात लावून पेजर शोधायला लागली, अमितने फोटोत दाखवला असणार. पेजर स्कोकीला फ्रिजवर ठेवलाय.

आत्ता बाहेर सगळी पोरं जमलीत. बोरं मिळाली नाहीत. द्राक्षं, चुरमुरे, उसाऐवजी कसल्यातरी कांड्या, आणि अमितने अख्खा चेरिओजचा डबा ओतलाय. जुई काळ्या झबल्यात, काटेरी हलव्याचा मुकुट कानावर आलेला, काकांच्या मांडीवर. काका खोलीच्या अगदी मधोमध बसलेत, दार पार पलीकडे, आणि त्यांच्या भोवती पंधरा पोरांची गर्दी. किल्ली जुईच्या तोंडात आहे.

तुम्हाला काहीतरी म्हणायचंय, दिसतंय मला. मलाच का नाही दिसलं, असं ना? काकू हाक मारतायत, पहिलं भांडं मी ओतायचं आहे. चालले मी.